पिस्तूल घेण्याआधी

बुधवार, १७ ऑक्टोबर २०१८

ऐली,

फोन केला असता तर माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिला असतास. पत्र फाडायचं म्हटलं तरी निदान हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र लिहितेय.

बातमी एवढीच की मी पिस्तूल विकत घेणार आहे. पाद्रीबाईंचं नाताळचं कार्ड तुला दरवर्षी जातं हे मला ठाऊक आहे, आणि गावात कुणी शिंकलं तरी ते त्या कार्डात येतं. त्यांच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

रेनो मार्चमध्ये वारला, मी विधवा झाले, तेव्हा तुझी फुलं आली होती. नाव नव्हतं, पण चिठ्ठीवर टूसॉनच्या दुकानाचा शिक्का होता, आणि टूसॉनमध्ये माझं दुसरं आहे कोण? आभार मानायचे राहिले होते. आता मानले.

तर पिस्तूल. गेल्या आठवड्यात दिवेलागणीला मी भांडी घासत होते. खिडकीतून पाहिलं तर अंगणातल्या सौनाच्या खोलीपाशी, वाफेच्या न्हाणीपाशी, एक माणूस. हातात लांब काहीतरी, पहारीसारखं. त्यानं दार ढकललं, आत डोकावला, मग मागच्या बाजूला गेला. मी दिवाही बंद केला नाही, ओरडलेही नाही. सरळ कोठीघरात जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसले, तोंडावर हात दाबून. खूप वेळानं बाहेर आले तर कुणी नव्हतं. शेरीफच्या कचेरीत फोन केला, तर पोरगा म्हणतो, "मावशी, आमची गाडी आत्ता तळ्याच्या पलीकडे आहे. पोचेपर्यंत तासभर लागेल. दारं लावून घ्या." दारं लावून घ्या! इथं कुणाच्या दाराला चालणारं कुलूप आहे?

रेनोच्या रायफली त्याच्या पुतण्याकडे, डेलकडे गेल्या. डेलला सांगितलं तर तो हसला. "काकू, रविवारी मुरमाच्या खाणीवर चला, अर्ध्या तासात शिकवतो. त्यात काय शिकायचंय?" इथल्या प्रत्येक पुरुषाला वाटतं, आपण आईच्या पोटातूनच नेम धरून बाहेर आलो. दुकानात गेले, तर दुकानदारानं तळहातावर मावेल एवढं गुलाबी मुठीचं पिस्तूल काढलं. म्हणाला, "बायका हेच नेतात, पर्समध्ये राहतं." मी म्हटलं, "माझ्या पर्समध्ये चष्मा सापडत नाही मला, हे काय सापडणार?" आणि विचारलं, आधी नीट शिकवणारा वर्ग कुठे असतो? तो गोंधळलाच. म्हणाला, कायद्यानं लागत नाही. मी म्हटलं, मला लागतो.

आपल्या घरात असंच होतं ना. बाबांचा नियम आठवतो? दुसऱ्यानं आत पाहिल्याशिवाय रायफल उंबरठा ओलांडत नसे. पायरीवर उभे राहून ते हाक मारायचे, "कोण बघतंय?" आणि तू धावायचीस. मी नाही, नेहमी तूच. नळीच्या मागच्या उघड्या खोबणीत डोळा लावून, बोट घालून तू ओरडायचीस, "रिकामी!" मग ते आत यायचे.

आणि तेच बाबा शिकारीच्या कॅम्पवर रायफल साफ करताना गोळी सुटून गेले. आई तसं म्हणाली, गावानं तसं म्हटलं, मीही म्हटलं. तू म्हटलं नाहीस. चर्चच्या तळघरात, अंत्यविधीनंतरच्या कॉफीच्या टेबलावर, आईसमोर तू मोठ्यानं म्हणालीस, "बाबांनी जन्मात भरलेली रायफल साफ केली नाही." मी उठून तुझा कोट आणला आणि तुझ्या हातात दिला. त्याला अकरा वर्षं झाली.

तो विषय काढायला हे पत्र लिहिलेलं नाही. पिस्तुलाचं सांगायला लिहिलंय.

इल्मा

सोमवार, २९ ऑक्टोबर

ऐली,

उत्तर नाही. पत्र परतही आलेलं नाही. म्हणजे तू ते घेतलंस. मला तेवढं पुरे.

वर्ग शोधणं हे शाळेत दोनशे पोरांना मुळ्याची भाजी खाऊ घालण्यापेक्षा अवघड आहे, आणि तेही मी केलंय. आधी शहरातल्या एका हॉटेलच्या मागच्या खोलीत एक शनिवार घालवला. जाहिरातीत 'सुरक्षा' हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. शिकवणारा गृहस्थ जाकिटाच्या आत पिस्तूल लावून आला होता आणि दर दहा मिनिटांनी जाकीट सारखं करत होता, आम्हाला दिसावं म्हणून. अख्खा दिवस त्यानं सांगितलं काय, तर जग किती वाईट आहे. चोर कसे येतात, कुठून येतात, गोळी घातल्यावर पोलिसांना काय सांगायचं, वकील कुठला गाठायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याची बायको टोप्या विकत होती. एकदाही कुणाच्या हातात बंदूक दिली नाही. संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्र. मी उठून विचारलं, "यात गोळ्या भरल्यात की नाहीत, हे बघायचं कसं, ते सांगितलंच नाहीत तुम्ही." तो म्हणाला, "ते पिस्तुलासोबतच्या पुस्तकात असतं, ताई."

प्रमाणपत्र मी त्याच्या टेबलावरच ठेवून आले. माझ्या शेजारी बसलेली नर्स माझ्याकडे अशी बघत होती की मी जणू जेवण सोडून उठले. जेवण तरी कुठलं, थंडगार सँडविच होतं.

मग परवा सहकारी भांडारात, पिठाच्या पोत्यांपलीकडच्या फळ्यावर, एक साधा कागद दिसला. हातानं लिहिलेला. "पहिलंच पिस्तूल घेणाऱ्यांसाठी. घेण्याआधी या. घेतलेलं आणू नका. — बर्नडेट." खाली फोन नंबर. फोन केला तर पलीकडून खरखरीत बाईचा आवाज: "कशाला हवंय?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी म्हटलं, "घरात एकटी असते, अंगणात माणूस आला होता." ती म्हणाली, "बरं. आणखी कशाला?" मी म्हटलं, आणखी काही नाही. तिकडे पेन्सिल खरडल्याचा आवाज झाला. मग म्हणाली, "दहा तारखेला, शनिवारी या. नखं लांब असतील तर कापून या."

गेल्या पत्रानंतर एकदा बुटांचे ठसे दिसले, सौनाच्या मागे, चिखलात. मोठे ठसे. मी रेनोचे बूट दारात काढून ठेवले आहेत, घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. त्यातला एक नेहमी कलंडतो, आणि मी रोज उठून तो सरळ करते. बाकी ठीक आहे. झोप येत नाही, पण या वयात कुणाला येते?

इल्मा

रविवार, ११ नोव्हेंबर

ऐली,

काल पहिला वर्ग झाला. आज चर्चला गेले नाही. हे लिहायला बसलेय.

बर्नडेटला तू ओळखत नाहीस. ती फ्रेंच वस्तीतली, उंच, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. आधी शेरीफच्या कचेरीत फोन घ्यायची. जिल्ह्यात कुठेही काही झालं की पहिला आवाज तिचा ऐकू यायचा. निवृत्त झाल्यावर ती हा वर्ग घेते, पंचायतीच्या हॉलमध्ये. आम्ही पाच जणी होतो. पिस्तूल टेबलावर, रिकामं. गोळ्या त्या इमारतीतच नव्हत्या, तिच्या गाडीत होत्या, आणि गाडीची किल्ली तिच्या गळ्यात.

नियम तेच, जे बाबा सांगायचे. भरलेलीच समजा. नळी ज्याला मारायचं नाही त्याच्याकडे करू नका. बोट चापाबाहेर. मागे काय आहे ते बघा. मला वाटलं, हे तर मला येतं, मी उगाच आले.

मग तिनं दोघीदोघींच्या जोड्या लावल्या. म्हणाली, "एकीनं उघडायचं. दुसरीला दाखवायचं. दुसरीनं डोळ्यांनी बघायचं, करंगळीनं चाचपायचं, आणि मोठ्यानं सांगायचं." माझी जोडीदारीण बँकेतली एक तरुण मुलगी होती. तिनं पिस्तूल उघडून माझ्यापुढे धरलं. मी पाहिलं, करंगळी घातली. आणि तोंड उघडलं तर आवाजच येईना. "रिकामी" एवढाच शब्द. ती पोरगी घाबरली, "मावशी, काय झालं?" म्हणाली. मी चक्क रडत होते, ऐली. पाच बायकांसमोर, नाक गळेपर्यंत. आईच्या अंत्यविधीला मी रडले नव्हते. तू शेवटच्या बाकावर बसून कॉफी न घेता निघून गेलीस, तेव्हाही नाही.

बर्नडेटनं मला बाहेर पायरीवर नेलं, थर्मासमधली कॉफी दिली. मी सांगितलं, माझे वडील रायफल साफ करताना गेले.

"या जिल्ह्यात दर नोव्हेंबरात कुणीतरी रायफल साफ करताना जातो," ती म्हणाली. "मी ते फोन घेतलेत. 'साफ करत होते हो, साफ करत होते,' असंच सगळे सांगतात. मी लिहून घ्यायचे. त्या वेळी तेच लिहायचं असतं."

"आमच्या आईचा फोन तुम्हीच घेतला होता?"

"घेतला असेन."

"मग सांगा ना."

"मी फक्त आवाज ऐकलेत, बाई. आत कोण गेलं होतं आधी? त्याला विचार. टेबलावर तेलाची बाटली होती का, नळीत घालायचा गज होता का, फडकी होती का. साफसफाई करणारा माणूस पसारा मांडून बसतो."

कॅम्पच्या खोपीत आधी तू गेली होतीस. दार तू उघडलंस, आम्हाला कुणाला आत येऊ दिलं नाहीस, मग शेरीफची माणसं आली. गेली अकरा वर्षं मी एकच गोष्ट म्हणत आले, की ऐलीनं आईला सगळ्या गावासमोर उघडं पाडलं. तू जे बोललीस त्याचा राग मला कधी नव्हता बहुतेक. तू ते कॉफीच्या टेबलावर, आई केक कापत असताना बोललीस, त्याचा होता. तो राग आजही आहे. त्याबद्दल मी काही मागे घेत नाही.

पण विचारते. तेलाची बाटली बाहेर होती का?

इल्मा

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

ऐली,

तुझं कार्ड मिळालं. पत्रपेटीपाशी बर्फात उभी राहूनच वाचलं, हातमोजे काढून. निवडुंगाचं चित्र आणि मागे दोन ओळी. तुझं अक्षर अजून तसंच उभं, रागावल्यासारखं.

"बाटली फळीवर होती, बूच लावलेलं. त्यांनी कॉफीचा कप धुऊन फडक्यावर उपडा ठेवला होता."

एवढंच. मी घरात आले आणि बसून राहिले.

बाबांनी जन्मात कप धुतला नाही. आई चिडचिड करायची, "तुमचा कप काय चालत मोरीत जाणार आहे?" तरी धुतला नाही. कॅम्पवर तर एकाच कपात सबंध मोसम काढायचे, आतून काळा झालेला. आणि त्या दिवशी तो धुऊन, पुसून उपडा ठेवला. मागून येणाऱ्याला त्रास नको म्हणून. तू ते पाहिलंस आणि अकरा वर्षं एकटीनं सांभाळलंस. मला निदान तेवढं तरी सांगायचं होतंस, बयो. बाटली नको, कप सांगायचास. मी कोट आणून दिला नसता. किंवा आणला असता आणि तुझ्याबरोबर स्वतःचाही आणला असता. कोण जाणे.

काल थँक्सगिव्हिंगच्या सणाला डेलच्या घरी जेवायला गेले. सगळे हरणांच्या गोष्टी सांगत होते. डेल म्हणाला, "काकू, पिस्तुलाचं काय झालं? शिकून डॉक्टर होणार का?" सगळे हसले. मी पण हसले, आणि पाईचा मोठा तुकडा घेतला, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

वर्गाचं सांगायचं राहिलं. गेल्या शनिवारी आम्हाला खाणीवर नेलं, गोळ्या झाडायला. थंडी इतकी की बोटं लाकडाची झाली होती. दुकानदाराचं ते गुलाबी चिमुकलं पिस्तूल बर्नडेटनं मुद्दाम आणलं होतं. एक गोळी झाडली आणि मनगट ठणकायला लागलं. "छोटं असतं ते जास्त उसळतं," ती म्हणाली, "म्हणूनच बायकांना ते देतात आणि म्हणूनच बायका परत कधी सराव करत नाहीत." मग जड, मोठं दिलं. ऐली, माझा नेम चांगला आहे! तुझ्याइतका नाही, पण कागदाला भोकं मधोमध पडली. हात स्थिर होते.

शेवटी तिनं सगळ्यांना गाडीत बसवून, हीटर लावून, एक प्रश्न विचारला. म्हणाली, "पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप. ते शिकलात. आता सांगा, तुमच्यावर वाईट दिवस आले, हिवाळा लांबला, मन जागेवर नसलं, तर पेटीसकट ते पिस्तूल कुणाकडे नेऊन द्याल? नाव सांगा. 'बघू' चालणार नाही." बँकेतली मुलगी म्हणाली, माझा भाऊ. नर्सनं आपल्या मैत्रिणीचं नाव घेतलं. ती हॉटेलातली नर्स, हो, तीही इथं आली आहे, थंड सँडविच खाऊनही तिचं समाधान झालं नव्हतं. माझी पाळी आली. डेलचं नाव घ्यायला हवं होतं. तोंडातून निघालं, "माझी बहीण."

"कुठे असते?" बर्नडेटनं विचारलं.

"जवळच," मी म्हटलं.

टूसॉन जवळ! तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचीला विचारलं. शेरीफकडचा परवाना माझ्याकडे आहे. दुकानदारानं ते जड पिस्तूल बाजूला काढून ठेवलंय. डिसेंबर उजाडला की आणणार. तो बुटांचा माणूस परत यायच्या आत घरात असलेलं बरं.

इल्मा

बुधवार, ५ डिसेंबर

ऐली,

हे पत्र बर्नडेटच्या स्वयंपाकघरातून लिहितेय. तिच्या पेनमधली शाई सारखी अडकते, अक्षर सांभाळून घे.

तो बुटांचा माणूस सापडला. ऑनी होता. रेनोचा दोस्त ऑनी, जो आपल्याकडे वीस वर्षं शनिवारच्या सौनाला यायचा आणि तीन-तीनदा वाफ घेऊन झाली तरी ज्याच्या तोंडून 'गरम आहे' यापलीकडे शब्द निघाला नाही, तो. सोमवारी भांडारात भेटला. टोपी काढून, माझ्या ढकलगाडीतल्या सामानाकडे बघत म्हणाला, "धुराड्याची एक वीट सैल आहे. वसंतात बसवतो."

"कुठलं धुराडं?"

"तुझ्या सौनाचं. साफ केलं ना मी. रेनोला सांगितलं होतं इस्पितळात, बर्फाआधी दरवर्षी करीन म्हणून."

"तो तू होतास?"

"दोनदा आलो. पहिल्यांदा ब्रश छोटा पडला."

माझा आवाज इतका चढला की दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. "अरे मेल्या, दार वाजवायचं ना!"

"दिवा होता. म्हटलं जेवत असशील. कशाला त्रास द्यायचा."

"मी बंदूक घेणार होते, ऑनी! तुझ्यासाठी! कोठीघरात बसून रडले मी!"

तो विचार करत उभा राहिला. तुला माहीत आहे, तो किती वेळ विचार करतो. शेवटी टोपी घालत म्हणाला, "मग पुढच्या वर्षी वाजवीन."

गाडीत बसून मी हसत सुटले. हसता हसता अंगावर काटा आला. पहार नव्हती, ब्रशाचा दांडा होता. ऑक्टोबरात ते पिस्तूल माझ्या घरात असतं आणि कोठीघराऐवजी मी दारात गेले असते, तर? ऑनीला मी मारलं असतं, ऐली. धुराडं साफ केलं म्हणून.

तर चोर नाही. भीतीचं कारण संपलं. पिस्तुलाची गरज उरली नाही. बरोबर ना?

काल सकाळी मी उठले, आंघोळ केली, चांगला कोट घातला, परवाना पर्समध्ये ठेवला आणि गाडी काढून दुकानाच्या रस्त्याला लागले.

हे तुला लिहायला मला अख्खी रात्र आणि एक सकाळ लागली. नीट वाच. चोर नव्हता आणि तरी मी निघाले होते. घाटीच्या वळणावर मला ते कळलं. कळलं म्हणजे काय, ठाऊकच होतं, मार्चपासून ठाऊक होतं, फक्त चोराचं नाव पुढे करता येत होतं. आता तेही नव्हतं. गाडीत मी आणि पर्स. निघण्याआधी मी घर झाडलं होतं. सगळी भांडी घासून जागेवर लावली होती. एकही कप बाहेर नव्हता. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं, ऐली. वळणावर आलं.

दुकान डावीकडे. मी उजवीकडे वळले. बर्नडेटच्या दारात गाडी उभी केली आणि उतरताच येईना. तीच बाहेर आली, चपला घालून, बर्फात. काच खाली करून मी म्हटलं, "माझी बहीण जवळ नाही. टूसॉनला असते. बोलत नाही."

ती म्हणाली, "ते मला गाडीतच कळलं होतं. फोनवर तुझं 'आणखी काही नाही' ऐकलं, तेव्हाही थोडं कळलं होतं. चल आत."

रात्री इथेच राहिले. तिनं सूप दिलं, पलंगावर गोधडी टाकून दिली. आज दुपारी ती मला डॉक्टरकडे घेऊन जाणार आहे. मी हो म्हटलं. परवाना तिच्याकडे दिला. तिनं दुकानात फोन करून सांगितलं की ते बाजूला ठेवलेलं पिस्तूल परत फळीवर लाव. दुकानदारानं विचारलं, "का, बाईंना दुसरा रंग हवाय का?" बर्नडेट त्याला जे म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मार्चनंतर मी पहिल्यांदा मनापासून हसले.

रेनोबद्दल मी तुला काही लिहिलं नाही. लिहिता येत नाही. घरात त्याचा आवाज नाही, एवढंच येतं लिहिता. सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. तू येऊन दुःख हलकं करशील अशी माझी अपेक्षा नाही. तुला ते कधीच जमलं नाही. तू येशील आणि नको ते मोठ्यानं बोलशील. मला तेच हवंय.

वर्गात शिकले त्यातलं एकच सांगते. आपलं आपण बघितलेलं पुरत नाही. भरलेली आहे की रिकामी, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही, वर्षानुवर्षं हाताळलेली असली तरी. दुसऱ्यानं आत डोकवावं लागतं. बाबांनी आपल्याला हे चालायला लागल्यापासून शिकवलं, आणि त्या दिवशी कॅम्पच्या पायरीवर उभं राहून त्यांनी हाक मारली नाही. तू मैलभरावर होतीस. धावत गेली असतीस.

मी हाक मारतेय. कोण बघतंय?

ये.

इल्मा

ता. क. — ऑनी विमानतळावर घ्यायला येईल. वाटेत बोलणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस. मी उद्या घरी जातेय, बर्नडेट सोबत राहणार आहे. गेल्या गेल्या कॉफी करीन आणि कप टेबलावर तसाच ठेवीन, न धुता. तू येईपर्यंत तो मी धुणार नाही. बुरशी धरली तर दोष तुझा.